बकुळीसह सावंतवाडीस

प्रवासवर्णनांतून माणसांचे आणि क्वचित् घोड्याबैलांचे हाल वाचावयास मिळतात. मांजराचा प्रवास हा विषय मात्र सहसा कोणी हातीं घेत नाहीं. याचें कारण उघड आहे. मांजर प्रवास करीत नाहीं अशी आपली ठाम समजूत आहे. कुत्रा धन्याच्या मागें जगाच्या पाठीवर कोठेंहि जाईल, पण मांजर घराला धरून राहतें, माणसाला नव्हे, हें वाक्य आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. ऐकावयास तें निरुपद्रवी वाटतें. परंतु त्याचा उपयोग कोठें होतो हें पाहिलें म्हणजे त्याची धार समजते. पुण्याच्या पेठांतून गेल्या कांहीं दशकांत जुने वाडे पडून त्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. वाडा पाडण्याचें ठरलें म्हणजे बिऱ्हाडकरू आपलीं भांडींकुंडीं, देव, पलंग, फार काय, तुळशीची कुंडीहि बरोबर नेतात. आणि माजघरांत दहा वर्षें लोळलेलें मांजर तेवढें 'घराला धरून' मागें राहतें. पुढें तें घरच नाहींसें होतें.

आमच्या घरीं हा प्रसंग २०२३ सालच्या अखेरीस आला. सदाशिव पेठेंतील ज्या वाड्यांत आमच्या चार पिढ्या नांदल्या, तो बिल्डरच्या स्वाधीन करावयाचा होता. नवी इमारत पुरी होईपर्यंत आमचीं तीन बिऱ्हाडें तीन ठिकाणीं विखुरणार होतीं, आणि ८१ वर्षांच्या आजींनीं सावंतवाडीस आपल्या माहेरच्या घरीं, भावजयीच्या सोबतीनें राहावें असें ठरलें. आजींची अट एकच होती: बकुळी बरोबर येईल. बकुळी म्हणजे वाळल्या बकुळफुलाच्या रंगाची, अकरा वर्षांची, आजींच्या पायथ्याशीं निजणारी मांजरी. पुणें ते सावंतवाडी हें अंतर आम्हीं धरलेल्या वाटेनें पावणेचारशें किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि त्याच्या शेवटीं आंबोलीचा घाट आहे. बकुळीनें तोंवर जन्मांत केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे पशुवैद्यांच्या दवाखान्यापर्यंतचा, रिक्षांतून. आणि तोहि सर्व वाटभर आक्रोश करीत.

शेजारच्या काकू आजींची समजूत घालावयास आल्या. "आजी, तिला इथंच सोडा. कोपऱ्यावरचा दूधवाला बघेल तिच्याकडे. मांजर काय, घराला जडतं."

आजी म्हणाल्या, "घर तर आता राहत नाही. मग तिनं जडायचं कशाला?"

ह्या प्रश्नाला कोणापाशींच उत्तर नव्हतें, आणि तेथूनच आमचा विचार सुरू झाला.

त्या जुन्या वचनांत अर्धें सत्य आहे. मांजराची आपल्या जागेवरील ओढ खोटी नाहीं. हेरिक नांवाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९२२ सालीं, मांजरांस घरापासून दूर नेऊन सोडलें असतां तीं परत येतात कीं काय, ह्याविषयींचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पिलें घरीं असलेली मांजरी कांहीं मैलांवरून परतल्याचें त्यांत नमूद आहे. परंतु मांजराच्या लेखीं घर म्हणजे काय? दगडी जोतें आणि सागवानी खांब हें माणसाचें घर. मांजर दाराच्या चौकटीला, पाटाच्या कडेला, आपल्या पायाला गाल घासतें तें केवळ लाडानें नव्हे. त्याच्या गालांत गंधग्रंथि असतात, आणि तेथील गंध वस्तूंस लावून तें 'ही जागा ओळखीची, येथें भय नाहीं' अशी स्वतःपुरती खूण करून ठेवतें. हा गंध आपल्या नाकाला कळतहि नाहीं. असा ओळखीचा गंध, अंग चोरून बसण्यापुरता आडोसा, आणि ठरल्या वेळीं ठरल्या हातून पुढें येणारी वाटी, ह्या तिहींचें मिळून मांजराचें घर होतें. ह्या तीनहि गोष्टी भिंतींसारख्या जमिनींत रुतलेल्या नाहींत. त्या मोटारींत घालून नेतां येतात. मांजर घर सोडीत नसेल तर घरच त्याच्याबरोबर न्यावें, एवढाच ह्या लेखाचा मथितार्थ आहे.

आपल्या आयाबायांना हें अगदींच ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते, असें त्याच सांगत आल्या. दक्षिणेंतील वैष्णवांनीं तर ह्या गोष्टीवर एक न्यायच बसविला आहे. माकडाचें पिलूं आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहतें, तसा भक्तानें देवाला धरून ठेविलें पाहिजे, हा मर्कटकिशोरन्याय; आणि मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आई त्याला मानगुटीस धरून नेईल तिकडे अंग सैल सोडून जातें, तसा भक्त देवाला सर्वस्वीं शरण असावा, हा मार्जारकिशोरन्याय. लहानपणीं सात घरें अशीं निर्धास्त फिरलेला प्राणीच मोठेपणीं रिक्षांत आक्रोश करतो. तेव्हां उणीव असते ती प्रवास करण्याच्या शक्तीची नव्हे, विश्वासाची. तो विश्वास एका दिवसांत उत्पन्न होत नाहीं.

आम्हीं प्रवासाच्या दोन महिने आधीं एक पेटी आणली. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत जिला 'कॅरियर' म्हणतात ती, कडक प्लॅस्टिकची, तिन्ही बाजूंनीं हवेशीर, समोरून आणि वरूनहि उघडणारी. वरचें झांकण असलें म्हणजे घाबरलेल्या मांजराला ओढून काढावें लागत नाहीं. आंत मांजराला उभें राहतां यावें आणि स्वतःभोंवतीं वळतां यावें इतकी ती ऐसपैस हवी. त्याहून फार मोठी असली तर गाडीच्या हिसक्यासरशी तें आंतल्या आंत घरंगळतें. वेताची टोपली, कापडी पिशवी किंवा खोकें हीं लांबच्या प्रवासास उपयोगाचीं नाहींत. भ्यालेलें मांजर खोकें फाडून बाहेर येतें.

ही पेटी दार उघडें ठेवून आजींच्या पलंगाखालीं मांडली. तींत आजींच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घातली; तीहि न धुतां, कारण धुतल्यानें ज्या वासासाठीं ती घालावयाची तोच जातो. पहिले चार दिवस बकुळीनें तिकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. मग तिची खाण्याची वाटी पेटीच्या तोंडाशीं गेली, पुढें उंबऱ्यावर, पुढें आंत. तिसऱ्या आठवड्यांत ती आपण होऊन तेथें निजूं लागली. त्यानंतर दार क्षणभर लावणें, मग मिनिटभर, मग लावलेली पेटी उचलून ओटीपर्यंत जाऊन येणें, मग उभ्या मोटारींत ठेवणें, मग इंजिन चालू करणें, मग लकडी पुलापर्यंत फेरी, अशा पायऱ्या चढलों. प्रत्येक फेरीच्या शेवटीं आवडीचा घांस मिळे. घरांतील मुलें ह्या कामांत मोठ्या माणसांहून अधिक धीराचीं निघालीं.

हा आमच्या कल्पनेचा खेळ नव्हता. व्हिएन्ना येथील पशुवैद्यकांनीं २०१८ सालीं अशाच प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. २२ मांजरांपैकीं निम्म्यांस सहा आठवडे पेटीची आणि मोटारीची हळूहळू संवय लावली व निम्म्यांस लावली नाहीं. शिकलेल्या मांजरांवर मोटारींतील प्रवासाचा ताण कमी पडला असें त्यांस आढळलें. हॉलंडांतील उट्रेख्ट येथें २०१४ सालीं झालेला दुसरा अभ्यास त्याहून साधा आहे. प्राण्यांच्या आश्रमांत नव्यानें आलेल्या १९ मांजरांपैकीं १० जणांस लपावयास एक खोकें दिलें, ९ जणांस दिलें नाहीं. ज्यांस आडोसा मिळाला तीं पुष्कळच लवकर सांवरलीं. परक्या जागीं पाठ टेकावयास चार बोटें भिंत लागते, ही गोष्ट माणसाला तरी कोठें निराळी आहे?

प्रवासापूर्वी पशुवैद्यांस भेटणें अवश्य होतें. रेबीजच्या लसीचा दाखला बरोबर घेतला. त्वचेखालीं तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चिप बसविली. यंत्रानें वाचतां येणारा पंधरा आंकडी क्रमांक तिच्यांत असतो. मात्र तो क्रमांक धन्याच्या नांवाशीं आणि दूरध्वनीशीं जोडून नोंदविलेला असेल तरच चिपेचा उपयोग, म्हणून गळ्यांत नांवाची चकतीहि अडकविली. बकुळीचें वय पाहून पशुवैद्यांनीं रक्त तपासून मूत्रपिंडांची स्थिति पाहिली, आणि मगच औषधाचा विचार केला.

ह्या औषधाविषयीं दोन शब्द सांगणें आवश्यक आहे, कारण येथेंच गैरसमज फार. पूर्वी प्रवासासाठीं मांजरांस जें गुंगीचें औषध सर्रास देत त्यानें शरीर लुळें पडतें, रक्तदाब उतरतो, पण आंतील भीति कमी होतेच असें नाहीं. हल्लीं पशुवैद्य बहुधा गॅबापेंटिन देतात. हें मूळचें माणसाच्या अपस्माराचें व मज्जातंतूंच्या वेदनांचें औषध. प्रवासापूर्वी दोन तीन तास दिल्यास मांजराचें भय उतरतें, हें २०१७ सालीं अमेरिकेंत झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. प्रवासांतील भयासाठीं मांजरांनाच द्यावयाचें प्रीगाबालिन हें औषध अमेरिकेंत २०२३ सालीं मंजूर झालें. परंतु मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडांवर अवलंबून असते, म्हणून ती पशुवैद्यांनींच ठरवावयाची. आणि प्रवासाच्या दिवशीं प्रथम न देतां घरीं एकदां देऊन पाहावयाची. आम्हीं तसें पाहिलें तेव्हां बकुळी थोडी झुलत चालली, दोन तास निजली, आणि संध्याकाळीं नेहमीसारखी स्वयंपाकघरांत हजर झाली. घरांतल्या डब्यांतील गोळी मात्र मांजराला कदापि देऊं नये. माणसाला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊं शकते. ती पचविण्याची जी शक्ति आपल्या यकृतांत आहे ती मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते.

डिसेंबरचा महिना मुद्दाम निवडला होता. रात्रीं अकराला बकुळीचें शेवटचें जेवण झालें. भरल्या पोटीं घाटांत ओकारी ठरलेली. प्रौढ मांजरांपैकीं पुष्कळांस दूध पचत नाहीं, म्हणून तें आदल्या दिवसापासूनच बंद होतें. पहाटे साडेतीनला औषध दिलें आणि साडेपांचला आम्ही निघालों. आमचे धाकटे बंधु गाडी चालवीत होते. मागें आजी, आणि पुढील सीटच्या पाठीमागें खालच्या जागेंत घट्ट बसविलेली पेटी. ही जागा विचार करून निवडलेली होती. पेटी सीटवर ठेवल्यास पट्ट्यानें बांधावी लागते आणि सीट मागें उतरती असल्यामुळें खालीं घडी घालून ती सपाट करावी लागते. खालीं ती हलत नाहीं आणि हेलकावाहि कमी बसतो. पुढच्या सीटवर ती कधींच ठेवूं नये, कारण अपघातांत उघडणारी हवेची पिशवी पेटीचा चुराडा करील. आणि मांजराला मांडीवर घेऊन बसण्याचा मोह कितीहि झाला तरी आवरावा. तें ब्रेकच्या पायाखालीं शिरलें तर सर्वांचाच प्रवास संपेल.

कात्रज ओलांडेपर्यंत बकुळी ओरडली. आजी तिला उत्तर देऊं लागल्या तेव्हां पशुवैद्यांचें सांगणें त्यांस आठवून दिलें: हळू, एका सुरांत बोलावें, नाहीं तर गप्प बसावें, प्रत्येक ओरडण्याला घाबरी हांक दिली कीं तिलाहि वाटतें, खरोखरच कांहीं घडलें आहे. आजींनीं मग तोंडांतल्या तोंडांत विष्णुसहस्रनाम चालू केलें. रोज पहाटे त्या तें म्हणत आणि बकुळी तें ऐकत निजे. खंबाटकीचा घाट चढतांना पेटींतून आवाज यावयाचा थांबला. रेडिओ लावावयाचा नाहीं हें आधींच ठरलें होतें. माणसाचा कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, मांजराचा कान ६० हजारांच्याहि वरचा. आपल्याला जी नुसती घरघर वाटते तींत त्या बिचारीला काय काय ऐकूं येत असेल!

उजाडलें तें साताऱ्याच्या अलीकडे. डाव्या उजव्या हातास सपाट माथ्यांचे डोंगर धुक्यांतून वर येत होते आणि उसाच्या फडांवर दंव होतें. पेटीवर आजींच्या पातळाचा विरळ तुकडा पांघरलेला होता, म्हणजे हवा आंत जाई पण धांवता रस्ता दिसत नसे. वाहनांतील मळमळ कान आणि डोळे ह्यांच्या साक्षींत मेळ न बसल्यामुळें होते; मांजरालाहि ती होते. तोंडांतून लाळ गळूं लागणें आणि वारंवार ओंठ चाटणें हीं तिचीं पहिलीं लक्षणें. तीं अजून नव्हतीं.

कराडच्या पुढें चहासाठीं थांबलों. येथें एक नियम आम्हीं शेवटपर्यंत पाळला: गाडींत एक माणूस सदैव राहील, आणि दारें व काचा चारीहि बंद असल्याशिवाय पेटीचें झांकण उघडणार नाहीं. मांजरें हरवतात तीं बहुधा धांवत्या गाडींतून नव्हे, थांबलेल्या गाडींतून. 'जरा बाहेर काढा, पाय मोकळे करील' असें हॉटेलच्या अंगणांत दोघातिघांनीं आपुलकीनें सुचविलें. कुत्र्याला तें ठीक आहे. मांजराला परक्या अंगणांत पाय मोकळे करावयाचे नसतात, पळावयाचे असतात. आम्हीं चहा गाडींतच मागविला. पायापाशीं परातींत घरचीच माती पसरून बकुळीला पांच मिनिटें मोकळीक दिली. तिनें ती माती हुंगली, कांहीं केलें नाहीं, आणि आपण होऊन पेटींत परत गेली. मांजर आठ दहा तास लघवी अडवून धरतें, त्यानें घाबरूं नये. मात्र बोका वारंवार बसून धार होत नसेल तर तो आजार आहे, आणि त्यास त्याच दिवशीं पशुवैद्यांकडे नेलें पाहिजे.

पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हां दहा वाजले होते आणि ऊन तापूं लागलें होतें. बंद मोटार उन्हांत उभी केली असतां आंतील उष्णता तासाभरांत सुमारें २२ अंशांनीं चढते, आणि त्यांतला बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासांतच होतो. कांच दोन बोटें उघडी ठेविल्यानें फारसा फरक पडत नाहीं. मांजराला घाम येतो तो तळपायांना, तोहि नांवाला. म्हणून 'पांच मिनिटांत येतों' म्हणून त्याला गाडींत कोंडून जाणें ही क्रूरता आहे, मग ती डिसेंबरांत कां असेना. निपाणीस महामार्ग सोडून उत्तूरवरून आजऱ्याच्या वाटेला लागलों. रस्त्यानें जातां जातां मांजर आडवें गेलें म्हणजे गाडी थांबवून पांच पावलें मागें जाणारी मंडळी आमच्याहि कुळांत होऊन गेली. आज मांजरच गाडींत बसून दोन राज्यांच्या इतक्या गांवांना आडवें जात होतें, आणि कोणाचेंहि कांहीं वाईट झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

आजऱ्यानंतर मुलूख बदलतो. उंसाची जागा भातखाचरें घेतात, काजूचीं झाडें दिसूं लागतात, माती तांबडी होते. हा हिरण्यकेशीचा प्रदेश. आंबोलीस उगम पावणारी ही नदी आजऱ्यावरून पूर्वेस वाहत जाते. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ आजींच्या माहेरीं सणावारांस शिजे. खिडकींतून खाचरें पाहतां पाहतां त्या ज्या गप्प झाल्या, त्या आंबोलीपर्यंत बोलल्या नाहींत. साठ वर्षांपूर्वी ह्याच वाटेनें एस. टी. च्या गाडींतून त्या सासरीं आल्या होत्या.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे. तेथून तीस किलोमीटरांच्या आंत सावंतवाडीपर्यंत साडेपांचशें मीटरांहून अधिक उतरावयाचें. ज्या घाटांत पावसाळ्यांत धबधबे पाहावयास गर्दी लोटते तो डिसेंबरांत ओकाबोका, शांत असतो. पण वळणें तींच. पहांटे दिलेलें औषध एव्हांना उतरत आलें असणार, आणि वय पाहतां दुसरी मात्रा द्यावयाची नाहीं असें पशुवैद्यांनीं बजावलें होतें. घाट उतरावयास लागल्यावर थोड्याच वेळांत आजी म्हणाल्या, "थांब रे, ही तोंडानं श्वास घेत्येय."

कुत्र्यानें तोंड उघडून धापा टाकणें हा त्याचा नित्यक्रम आहे. मांजरानें तसें करणें ही धोक्याची घंटा समजावी. अतिशय भय, अतिशय उष्णता किंवा हृदयाचा अगर फुप्फुसाचा विकार, हीं त्याचीं कारणें. वळणापलीकडे रुंद जागा पाहून गाडी रस्त्याखालीं घेतली. इंजिन आणि थंड हवा चालू ठेवली, पेटीवरील कापड एका बाजूनें दुमडलें, आणि कोणीहि कांहीं करावयाचें नाहीं असें ठरविलें. तिला बाहेर काढून कुरवाळावें असें आजींना फार वाटत होतें. पण भ्यालेल्या जिवाला त्याच्या एकुलत्या एक आडोशांतून ओढून काढणें म्हणजे घर दुसऱ्यांदा पाडण्यासारखें होतें. हिरड्या निळसर तर नाहींत ना, एवढें दारांतून पाहिलें. त्या गुलाबी होत्या. आजींनीं पेटीच्या जाळीला नुसता हाताचा पंजा टेकून ठेविला. घड्याळांत सात मिनिटें गेलीं. मग तिनें तोंड मिटलें, तो हात हुंगला, आणि जाळीवरून आपला गाल घासला. ती काय करीत होती हें आम्हांस दोन महिन्यांपूर्वी कळलें नसतें. उरलेला घाट बंधूंनीं दुसऱ्या गिअरमध्यें, बैलगाडीच्या गतीनें उतरविला. मागून भोंगे वाजत राहिले. त्यांना पुढें जाऊं दिलें.

अडीच वाजतां मोती तलावाच्या कांठानें आम्ही घरीं पोंचलों. बहुतेक लोक येथें प्रवास संपला असें समजतात. मांजराचा खरा प्रवास येथून सुरू होतो. मोठ्या घरांत त्याला एकदम मोकळें सोडलें तर तें पहिल्या उघड्या दारानें निघतें, आणि ज्या घराच्या शोधांत तें निघतें तें शेंकडों किलोमीटर मागें राहिलेलें असतें. म्हणून आजींची खोली आधींच तयार करवून घेतली होती: खिडक्यांस जाळी, कोपऱ्यांत मातीची परात, तिच्यापासून दूर पाण्याची वाटी, आणि पेटी दार उघडून पलंगाखालीं, पुण्यास होती तशीच. घरच्या मंडळींनीं पहिले दोन दिवस आंत डोकवावयाचें नाहीं, एवढी विनंती केली. ज्या घरांत पाहुणा आला कीं सारें माजघर त्याच्याभोंवतीं गोळा होतें, तेथें ही विनंति मानणें सोपें नव्हे. परंतु भावजयबाईंनीं ती अक्षरशः पाळविली.

पहिल्या रात्रीं बकुळीनें कांहीं खाल्लें नाहीं. एक दिवस हें चालतें; पण मांजर दोन दिवस उपाशी राहिलें तर त्याच्या यकृतांत चरबी सांठून जिवावर बेततें, म्हणून तिकडे डोळे लावून बसलों होतों. दुसऱ्या दिवशीं पहांटे सहस्रनाम चालू असतां पलंगाखालून वाटी चाटल्याचा आवाज आला. आजींनीं नामावळी मध्येंच थांबविली नाहीं, फक्त आवाज थोडा चढला. तीन आठवडे ती खोलींत व मग माजघरांत राहिली. त्यानंतर दिवसाउजेडीं, जेवणाच्या वेळेच्या आधीं, आजींच्या पायांत पायांत करीत अंगणांत उतरली. भुकेची वेळ निवडली होती, म्हणजे वाटीच्या आवाजाला तिनें परतावें. ती परतली. चौकटीला, खांबाला, तुळशीच्या कट्ट्याला गाल घासून तिनें त्या घरावर आपली खूण केली, आणि आजी म्हणाल्या तसें, खरेदीखत पुरें झालें.

हें सर्व वाचून एखादी वाचकभगिनी म्हणेल, एका मांजरासाठीं केवढा हा खटाटोप! त्यास आमचें उत्तर असें कीं खटाटोप फार नाहीं, फक्त आगाऊ आहे. पेटी, जुनी गोधडी, पशुवैद्यांची एक भेट, आणि सहा आठवडे रोजचीं दहा मिनिटें. वाडे पडतच राहणार, आणि माणसांस बिऱ्हाडें हलवावीं लागणारच. सामान बांधावयाच्या दिवशीं मांजराची आठवण झाली तर खरोखरच कांहीं करतां येत नाहीं, आणि मग तें जुनें वाक्य तोंडावर येतें. तें येऊं द्यावयाचें नसेल तर करार सह्या होतील त्याच दिवशीं पेटी आणून पलंगाखालीं दार उघडून ठेवावी. पुढचें काम मांजर आपल्या सवडीनें करतें.